जमायची जागा

कुठंही गेले की आप्पा आधी वाकून चिमूटभर माती उचलायचे, हात खांद्याएवढा वर नेऊन ती सोडायचे आणि कुठल्या बाजूला उडते ते बघायचे. मग आम्हाला विचारायचे, "वारं कुठनं हाय?" उत्तर त्यांना मिळालेलं असायचंच. आम्हाला ठाऊक आहे का, एवढंच त्यांना बघायचं असायचं. लग्नाचा मांडव असो, दशक्रियेचा घाट असो की शाळेचं गॅदरिंग, वारं बघितल्याशिवाय या माणसाने बूड टेकल्याचं मला आठवत नाही. पंगतीत मनासारखी जागा मिळाली नाही तर भुकेने जीव कासावीस झाला तरी दुसऱ्या पंगतीला बसायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. लावलेलं कुलूप परत परत ओढून बघणारा, गॅसचं बटण बंद आहे का ते बघायला अर्ध्या रस्त्यातून घरी येणारा. त्याला हसू नका, असं काही मी तुम्हाला सांगणार नाही. आम्हीही पोटभर हसलो.

दौंडच्या आमच्या गल्लीत आप्पा समोरच्या घरात राहायचे आणि आम्ही दोघं एकाच केमिकल कारखान्यात होतो. मी स्टोअरमध्ये, ते प्लँटवर. मूळचे मांडवगण फराट्याचे. अंगाने उंच, पण चालताना उगाचच वाकून चालायचे. माणसांना ते खात्याच्या नावाने हाक मारायचे, त्यामुळे मी त्यांच्यासाठी कायम 'स्टोअर' होतो आणि माझी बायको 'स्टोअरवहिनी'. आमची पिंकी जन्मली तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "स्टोअरात नवा माल आला म्हनायचा."

केमिकलमध्ये काम केलेल्याला त्या मातीच्या चिमटीचं नवल वाटणार नाही. गॅस सुटला तर वारा जिकडे चाललाय तिकडे पळायचं नसतं, त्याला आडवं पळायचं असतं. त्यासाठी प्रत्येक शेडवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कापडी नळी फडकत असते. आम्ही तिच्याकडे फक्त मॉक ड्रिलच्या दिवशी बघायचो. आप्पा घास तोंडात घालण्याआधी बघायचे.

त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, कंपनीच्या बसमध्ये, खिडकीबाहेर बघत. आधी ते दुसऱ्या एका कारखान्यात होते. "आमी दोघं एकाच दारातनं भाईर पडलो. म्या डावीकडं पळालो, त्यो उजवीकडं. वारं उजवीकडं चाललं हुतं." तो कोण, त्याचं नाव काय, हे मी विचारलं नाही. 

आमच्या कंपनीत झाडाखाली एक हिरवी पाटी होती, 'असेंब्ली पॉइंट' लिहिलेली. भोंगा वाजला की सगळ्यांनी तिथे जमायचं, रांगेत उभं राहायचं आणि आपलं नाव पुकारेपर्यंत हलायचं नाही. आप्पांनी त्याचं नाव ठेवलं 'जमायची जागा', आणि ती जागा थेट गल्लीत आणली. आमच्या गल्लीची जमायची जागा म्हणजे हापसा. रविवारी सकाळी ते सगळ्या पोरांना गोळा करायचे आणि शिकवायचे, "चुकलं, घाबरलं, तर जमायच्या जागंवर जायाचं. तिथनं हलायचं न्हाई. आवाज न्हाई, पळापळ न्हाई. मानूस येतंच." पोरांना तो खेळच वाटायचा. आप्पा टाळी वाजवायचे की सगळी चिल्लीपिल्ली हापशाभोवती ओठ मिटून उभी. आमची पिंकी त्यात सगळ्यांत शहाणी. तिच्या नाकावर माशी बसली तरी ती हलायची नाही. बाकीच्या आया म्हणायच्या, आप्पा, ही विद्या घरी अभ्यासाच्या वेळीही चालू द्या की.

एकदा गल्लीत एका घरी सिलिंडर पेटला. घरातल्या बाया, पोरं, म्हातारी, सगळी मुकाट्याने हापशापाशी येऊन उभी राहिली. आप्पांनी ओली गोणपाटं टाकून आग विझवली आणि नंतर पायरीवर बसून इतके थरथरले की कपातला चहा बशीत आणि बशीतला विजारीवर. त्या दिवसापासून आमचं हसणं थोडं कमी झालं. खरं सांगायचं तर आम्ही निर्धास्त झालो. घाबरण्याचं खातं आप्पांकडे होतं, आम्हाला ते काम उरलंच नव्हतं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. जानेवारीत कंपनीने बायकापोरांसह हर्णैची ट्रिप काढली. आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र फक्त सिनेमात बघितला होता. आप्पा येतो म्हणाले तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटलं. भीमेच्या काठी वाढलेला हा माणूस, पण नदीत घोट्याच्या वर कधी उतरला नाही. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, हसून म्हणाल्या, "माझ्यासाठी येत न्हाईत. तुमी समदी जाताय, तवा मागं राहून त्यांचा जीव थाऱ्यावर ऱ्हायाचा न्हाई."

वरंधा घाटात त्यांनी ड्रायव्हरच्या पाठीशी उभं राहून बस उतरवली. म्हणजे बस ड्रायव्हरनेच उतरवली, पण घाम आप्पांना आला. बंदरात उतरल्यावर मात्र स्वारी एकदम खूश. होड्यांवर नुसते झेंडे, लाल, पिवळे, भगवे, हिरवे, आणि सगळे एकाच बाजूला फडफडत होते. आप्पा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "हितं बरं हाय. कुनाला इचारायची गरज न्हाई."

ओहोटी होती. पाणी लांब आत गेलेलं, पुढे ओली सपाट वाळू, आणि वाळूच्या मधोमध एक मोठा काळा खडक, वर चढायला दोन पायऱ्यांसारख्या खाचा असलेला. आप्पांनी त्याला एक फेरी मारली. मग सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं, "गर्दी लई हाय. कोन चुकलं तर हुडकत फिरायचं न्हाई. ह्यो खडक आपली जमायची जागा." पोरांनी माना डोलावल्या. खडकाच्या अंगावर पार वरपर्यंत पांढरी, खरखरीत कालवं, म्हणजे समुद्रातली शिंपलं, चिकटलेली होती. आम्ही सगळ्यांनी ती बघितली. एकाने तर त्यावर हात फिरवून हात कापूनही घेतला. पाणी तिथवर चढतं म्हणूनच ती तिथे आहेत, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. भीमेचं पाणी एकदा उतरलं की उन्हाळाभर उतरलेलंच असतं. संध्याकाळी परत येणारं पाणी आम्ही कधी बघितलं नव्हतं.

तसं सांगणारं माणूस भेटलं होतं. वाळूवर मासळी वाळत घालणाऱ्या एका बाईने आमच्याकडे बघून सांगितलं, "लांब जाऊ नका हो, दुपारनंतर भरती आहे." त्यावर आमच्या मेंटेनन्समधला एकजण म्हणाला, "उंची किती लागते?" आम्ही खो खो हसलो. दौंडात भरती म्हणजे पोलीसभरती, दुसरी कुठली नाही. तिला काहीच कळलं नाही आणि ती परत कामाला लागली.

जेवणं झाली. बाया आणि पोरं मासळीचा लिलाव बघायला गेली, आम्ही पुरुष बंदर फिरायला निघालो. काय काय बघावं असं झालं होतं. होड्यांतून टोपल्या उतरत होत्या, बैलगाड्या थेट पाण्यात उभ्या होत्या, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. इतकी वर्षं पाण्यात उभा राहून त्याची भिंत जागची हललेली नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं. बंदराला लागून टेकाडावर आणखी एक छोटा किल्ला आणि दीपगृह होतं, तिथे गेलो. आप्पा पायऱ्यांपर्यंत आले आणि थांबले. "तुमी या जाऊन. म्या खाली थांबतो." खाली थांबून ते काय करणार होते, हे आम्हाला माहीत होतं. माणसं मोजणार होते.

खाली आलो तेव्हा दुपार कलली होती. बसपाशी बायका सुकटीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. माझी बायको मला बघून म्हणाली, "पिंकीला चप्पल घातली का तुम्ही?"

मी म्हणालो, "पिंकी तुझ्याजवळ होती."

 तिच्या हातातली पिशवी खाली पडली, एवढं मला दिसलं. लिलावात कुणीतरी एक मोठी मुशी, शार्कच्या जातीचा मासा, वाळूवर टाकली होती. ती बघायला पिंकीने हात सोडला, मग ती माझ्याकडे पळत गेली असेल असं हिला वाटलं. तेव्हापासून मधला सगळा वेळ आम्ही दोघांनी निवांत घालवला होता.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. मी लिलावाच्या गर्दीत शिरलो, माणसांच्या पायांमधून बघत, लाल फ्रॉक, लाल फ्रॉक म्हणत. लाल कपड्यांतली इतकी माणसं त्या बंदरात असतील असं वाटलं नव्हतं.  होड्यांमागे बघितलं, बैलगाड्यांखाली बघितलं. मग डोक्यात आलं की ती मला शोधत वर किल्ल्यावर गेली असणार, म्हणून मी परत पायऱ्यांकडे धावलो.

आप्पा किनाऱ्यावर उभे होते. मी त्यांच्या शेजारून धावत गेलो तेव्हा ते समुद्राकडे बघत हळू आवाजात, जणू स्वतःलाच, विचारत होते, "आपला खडक कुठाय?"

ते शब्द कानात शिरले, पण त्यांचा अर्थ मला वर तटापाशी पोहोचल्यावर लागला. खाली किनाराच वेगळा झाला होता. सकाळी जिथे आम्ही क्रिकेट खेळलो, तिथे पाणी होतं. वाळू नव्हती, पाणी पार होड्यांच्या रांगेपर्यंत आलेलं, आणि त्या पाण्यात आत एक काळा ठिपका आणि त्यावर लाल फ्रॉक. फ्रॉक हलत नव्हता. हापशापाशी उभी राहायची तशीच ती उभी होती, हात खाली सोडून, तोंड मिटून.

लिलाव त्याच किनाऱ्यावर चालू होता. शेकडो माणसं होती. एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं, कारण ती ओरडत नव्हती.

आणि मग आप्पा पाण्यात शिरताना दिसले. ट्रिपसाठी शिवलेल्या नव्या पँटमध्ये, पायात बूट, दोन्ही हात डोक्याच्या वर धरलेले, जणू हातातलं काहीतरी भिजू द्यायचं नव्हतं. हातात काहीच नव्हतं. लाट आली की ते थांबायचे, डोळे मिटून उभे राहायचे, लाट गेली की पुढे. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. मी वरून ओरडत होतो. कुणाला, काय, ते मला माहीत नाही. मध्येच त्यांचं डोकं दिसेनासं झालं. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो आणि पुढेही कधी घाबरलो नाही. पायऱ्या मी कशा उतरलो ते मला आजही सांगता येणार नाही.

मी पाण्यापाशी पोहोचलो तेव्हा माझ्या बायकोला दोन कोळणींनी धरून ठेवलं होतं. आप्पा खडकावर होते. पिंकीला त्यांनी खांद्यावर घेतलं होतं आणि पाणी त्यांच्या पोटऱ्यांवर आपटत होतं. दोघांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं. मी पाण्यात धावलो, तेवढ्यात माझ्या बाजूने एक म्हातारा छोटी होडी वल्हवत गेला. त्याने मला हाताने मागे हो म्हणून खुणावलं. त्याने आधी पोरीला घेतलं, मग आप्पांना काखेत धरून ओढून घेतलं.

पिंकीच्या पायाला कालवं लागून थोडं रक्त आलं होतं. बाकी काही नाही. मासळी वाळत घालणारी ती सकाळची बाई तिथेच होती. ती माझ्या बायकोला रागावून म्हणाली, "पोर अशी गप्प उभी राहते काय? नुसती ओरडली असती तर कुणीपण गेला असता. आम्ही इथंच तर होतो." हे ती आप्पांना म्हणाली नव्हती. पण ते शेजारीच उभे होते, अंगातून पाणी निथळत.

परतीच्या बसमध्ये पिंकीने आम्हाला सगळं सांगितलं, पोरं सांगतात तसं, मध्येच वेफर्स खात. ती खडकावर गेली तेव्हा वाळू ओलीच होती, चप्पल हातात होती. मग पाणी आलं. मग चप्पल वाहून गेली. भीती वाटली का, असं आईने विचारल्यावर म्हणाली, हो, पण मानूस येतंच ना. आप्पा वर चढले तेव्हा ते तिच्यापेक्षा जास्त कापत होते. ते म्हणाले, "आलो म्या. आता दोघं हाय." आणि मग पिंकीने त्यांना विचारलं, "आप्पा, आता बोललं तर चालेल का?"

आप्पा शेवटच्या सीटवर माझी लुंगी गुंडाळून बसले होते. तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचलं की नाही, कोण जाणे. पण तो प्रश्न त्यांनी खडकावर ऐकला होताच. घाटात ते ड्रायव्हरमागे येऊन उभे राहिले नाहीत.

त्यांना कुणी बोल लावला नाही. माझी बायको दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पाया पडायला गेली, तर ते मागच्या दाराने निघून गेले. मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही नसता तर पोर गेली असती." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्या नसतो तर ती तिथं गेलीच नसती, स्टोअर."  त्यांचं खरं होतं, आणि माझंही खरं होतं.

त्यानंतर हा माणूस गप्प झाला. रविवारी टाळी वाजली नाही. मॉक ड्रिलला पुढे उभं राहून नावं पुकारायचं काम त्यांचं होतं, ते त्यांनी साहेबांना सांगून सोडलं. एकदा प्लँटवर एका पाइपच्या जोडाला थोडी गळती लागली, डोळे चुरचुरायला लागले आणि आम्ही सगळे सवयीने आप्पांच्या तोंडाकडे बघायला लागलो. ते आमच्यासारखेच उभे होते. कुणीतरी व्हॉल्व्ह बंद केला आणि काही झालं नाही. आप्पा मोठ्याने घाबरायचे तेव्हा आम्ही सुखात होतो. ते गप्प झाले आणि ती भीती आमच्या वाट्याला आली. मी रात्री उठून पिंकीच्या नाकापुढे बोट धरून बघायला लागलो. बायको हसायची नाही, कारण तीही तेच करायची.

पिंकी मात्र होती तशीच. तिच्या लेखी आप्पा म्हणजे ज्यांनी येईन म्हटलं आणि जे आले ते. ती हाका मारत त्यांच्या दारात जायची आणि ते काहीतरी काम काढून आत निघून जायचे.

पुढच्या वर्षी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. मांडवगणला थोडी शेती होती, भावाने बोलावलं होतं. सकाळच्या उन्हात टेंपो भरला. पिंप, कॉट, काकींची तुळस. आप्पा ड्रायव्हरशेजारी चढून बसले, तशी पिंकी टेंपोजवळ गेली आणि मान वर करून म्हणाली, "आप्पा, आता चुकलं तर कुठं जायचं?"

आप्पांनी समोरच्या काचेकडे बघितलं. काकी मागून म्हणाल्या, "सांगा की वो. पोरगी इचारती."

ते खाली उतरले. तिच्यासमोर उकिडवे बसले. किती महिन्यांनी त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं असेल.

"कुटं बी जा," ते म्हणाले. "पर आदी वरडायचं."

"आवाज न्हाई, असं तुम्हीच सांगितलंय."

"सांगितलं हुतं. ते चुकलं माजं. ते इसरून जा. मोठ्यांदा वरडायचं, घसा फुटंस्तवर."

"आत्ता?"

"व्हय. दाव बरं वरडून."

पिंकीने माझ्याकडे बघितलं, मग आप्पांकडे, आणि एक बारीकसा आवाज काढला. आप्पांनी मान हलवली. "ह्यानं कोन येनार?"

मग ती ओरडली. डोळे मिटून, मुठी आवळून, अख्खं अंग ताठ करून ओरडली. त्या पोरीच्या आत एवढा आवाज होता, हे मला माहीत नव्हतं. तो सगळा आवाज त्या दिवशी खडकावर तिने आत दाबून धरला होता, असं मला वाटलं. गल्लीतली दारं उघडली. लाटणं हातात घेऊन कुणी, तोंडाला साबण लावलेला कुणी, शेवटच्या घरातली म्हातारी भिंतीला धरून. माझी बायको ओल्या हातांनी धावत आली आणि पोरीला कवटाळून बसली. सगळे एकच विचारत होते, काय झालं, काय झालं?

आप्पांनी उभं राहून एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"बग," ते पिंकीला म्हणाले, "आली का न्हाई मानसं?"

ते वर चढले, टेंपो सुरू झाला. आम्ही सगळे रस्त्यात उभे होतो. टेंपो गल्लीच्या तोंडाशी पोहोचला, तेव्हा पिंकी आईच्या हातून निसटली आणि पुन्हा ओरडली. या वेळी तिला कुणी सांगितलं नव्हतं. टेंपो थांबला नाही.